वर्तणुकीचा रकाना

मुदखेड,
२४ जून २०२४

ती. स्व. काकूंना दयानंदचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही मला ओळखाल की नाही, माहीत नाही. मी दयानंद बजरंग सूर्यवंशी. देवणीच्या शाळेत सातवीला गुरुजींच्या वर्गात होतो, वाडीवरून चालत यायचो. परवा नांदेडला मुख्याध्यापकांच्या बैठकीत आमच्याच वर्गातला मडिवाळप्पा भेटला. चहा पिता पिता म्हणाला, "आपले माणिकप्पा गुरुजी गेले की रे, दिवाळीच्या आधी. तुला न्हाई कळलं?" मला कळलं नव्हतं. हातातला चहा तसाच ठेवला. तुमचा फोन नंबर त्याच्याकडं नव्हता, पत्ता होता. म्हणून पत्र.

मी आता मुदखेडजवळच्या एका हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. या खुर्चीवर बसलो तो गुरुजींमुळं. त्यांनी मला सातवीच्या सहामाहीला वर्तणुकीत 'ड' दिला होता. कारणही तसंच होतं. दिपोटी साहेब तपासणीला येणार त्या दिवशी मी आमचा खोंड सोडून शाळेत आणला. निव्वळ खोडी. खोंडानं साहेबांसाठी केलेला झेंडूचा हार खाल्ला आणि खुर्ची पाडली. साहेब गेल्यावर गुरुजींनी मला झेंड्याच्या खांबाजवळ ओणवं उभं केलं, निरगुडीच्या छडीनं पोटऱ्या लाल केल्या, आणि प्रगतिपुस्तकावर 'ड' लिहिला. वार्षिकला मात्र त्याच रकान्यात 'अ' होता. त्या शिस्तीनं मी सुधारलो. दरवर्षी जूनमध्ये प्रार्थनेनंतर मी ही गोष्ट मुलांना सांगतो.

आता मुद्द्याचं. यंदा शिक्षकदिनापासून आमच्या शाळेत 'माणिकप्पा गुरुजी आदर्श वर्तणूक पुरस्कार' सुरू करावा, असं मनात आहे. तुमची परवानगी हवी, आणि पहिला पुरस्कार तुमच्या हातून द्यायला तुम्ही इथं यावं ही विनंती.

आपला विद्यार्थी,
दयानंद

---

देवणी,
३ जुलै २०२४

श्री गुरू बसवलिंगाय नमः

चि. दयानंद यास अनेक आशीर्वाद.

हेडमास्तरला 'तुम्ही' म्हणावं की 'तू', यावर माझी सकाळ गेली. तू आमच्या रांजणातलं पाणी तांब्यानं वरून प्यायचास आणि अर्धं सदऱ्यावर सांडायचास, ते आठवलं. तेव्हा 'तू'च म्हणते.

फोनवर मला धड ऐकू येत नाही. पत्र बरं. दोनदा वाचता येतं.

हे गेले तो गुरुवार होता. सकाळी पेपर वाचला, मला म्हणाले, "चष्मा पूस गं, अक्षरं धुरकट दिसतेत." मी चष्मा पुसून आणेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नाही. त्यांना झाला नसेल. मी अजून सकाळी दोन कप काढते, एक परत ठेवते. रडत बसत नाही, काम करते. पण दिवस लांब झाला आहे.

तुझं पत्र वाचून मला काय झालं ते सांगते. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढं सगळा जन्म 'हे' नाहीतर 'गुरुजी'. लिहायलाही हात वळत नाही. आम्हाला मूलबाळ नाही. अव्वा होत्या तोवर, म्हणजे माझ्या सासूबाई, "माणिकप्पाऽ" अशी हाक घरात असायची. पोस्टमन पेन्शन घेऊन आला की ते नाव पुकारायचा. आता या घरात ते नाव कुणी उच्चारत नाही. शाळेच्या भिंतीला नवा रंग दिला, त्यात त्यांचं नाव होतं तो फळा गेला. मला भीती हीच होती, की मी तर घेणार नाही, आणि दुसऱ्यांनीही घेतलं नाही तर ते नाव हवेत राहणारच नाही. आणि तू लिहितोस, तिकडं मुदखेडला दरसाल माईकवर घेतलं जाईल. म्हणून परवानगी काय मागतोस? होय.

वर्तणुकीचा रकाना मलाही ओळखीचा. मी शाळेत चौथीपर्यंतही धड गेले नाही. घरच्यांनी शेळ्यांमागं लावलं, होती नव्हती ती अक्षरं विसरून गेले. लग्नानंतर एप्रिलमध्ये हे दुपारी ओसरीवर प्रगतिपुस्तकं भरत बसायचे, मी शेजारी बसून एकेक सुकवायला मांडायची. प्रत्येकावर एकाच जागी एकच शब्द छापलेला. मी बोट ठेवून विचारलं, हे काय. म्हणाले, "वर्तणूक." तो मी चित्रासारखा पाठ केला. पुढं त्यातलं 'व' दुसरीकडं दिसलं की ओळखू यायचं, मग 'त', मग 'क'. असं करत करत वाचायला शिकले. नंतर शाळेच्या लायब्ररीतलं त्यांनी आणलेलं एकही पुस्तक सोडलं नाही. अव्वा म्हणायच्या, "हिच्या हातातली भाकर करपली तर पुस्तकाला शिव्या द्या, हिला नको."

त्या एप्रिलच्या दिवसांत हे उन्हातान्हात पोरांच्या घरी फिरून यायचे. आले की अव्वा दारातच अडवायच्या. आधी आंघोळ, मग आत. तेही मुकाट न्हाणीत जायचे.

मी येईन. शेजारचे चन्नबसप्पा उदगीरला एसटीत बसवून देतील. निवड कशी करणार तेवढं कळव.

रुद्राणी काकू

---

मुदखेड,
१६ जुलै २०२४

ती. स्व. काकूंना नमस्कार.

तुमचा होकार मी सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवला. सांडलेल्या पाण्याचा भाग सोडून.

निवडीत वशिला नाही, म्हणून निर्धास्त राहा. प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मी तक्ता लावला आहे. मुलांची नावं आणि पुढं ठिपके. उशिरा येणं, नखं वाढणं, गणवेश मळका असणं, तासाला बोलणं, उलट उत्तर देणं याला लाल. वेळेवर, नीटनेटकं, शांत असेल त्याला हिरवा. ठिपके वर्गाचा मॉनिटर लावतो, म्हणजे शिक्षकांनी पक्षपात केला असं कुणी म्हणायला नको. शनिवारी तक्त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर जातो. आमच्या वेळी फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचे, ती पुसली जायची. हे पुसलं जात नाही.

फरक बघाल तर थक्क व्हाल. मधल्या सुट्टीतसुद्धा गोंगाट नाही. संस्थेचे अध्यक्ष परवा येऊन गेले, म्हणाले, "सर, शाळा हाय का मठ?"

नववीत ऋतुजा नावाची मुलगी आहे. वर्गाची मॉनिटर. दोन वर्षांत एक तक्रार नाही, तक्त्यावर अजून एक लाल ठिपका नाही. मान खाली, काम चोख, स्वतःहून कधी एक शब्द बोलत नाही. पुरस्कार बहुतेक तिलाच. गुरुजींना अशीच मुलगी आवडली असती.

आपला,
दयानंद

---

देवणी,
२७ जुलै २०२४

चि. दयानंद यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी साडी काढून ठेवली आहे, सुती, राखाडी काठाची. तिला पेटीचा वास लागला होता, दोन दिवस दोरीवर होती. चन्नबसप्पा विचारत होते, "काकू, कुणाचं लग्न?" मी म्हटलं, पुरस्कार हाय, मुदखेडला, गुरुजींच्या नावाचा. मग त्यांनी ते नाव पूर्ण घेऊन गल्लीत चार ठिकाणी सांगितलं. मी आत उभी राहून ऐकलं.

आता मनात आलं ते लिहिते. राग धरू नको, मी शिकवलेलं नाही कुणाला.

चन्नबसप्पांच्या घरी फाल्गुनात नवी सून आली, अक्षरा. लातूरची, कॉलेज केलेली. सगळी गल्ली तिचं कौतुक करते. पोरगी गरीब हाय, वर मान करत न्हाई, आवाज म्हणून न्हाई. मी ते ऐकते आणि मला माझी पहिली वर्षं आठवतात. मलाही असंच म्हणायचे. मी बोलत नव्हते कारण मला अव्वांची धास्ती होती. पाणी मागायचीसुद्धा भीती वाटायची, म्हणून तहान मारायची. माझ्या माहेरी निरोप गेला होता, पोरीचं वळण लई चांगलं हाय. त्या घराच्या भिंतीवर तुझा तक्ता असता, तर माझ्या नावापुढं हिरवाच हिरवा असता.

ह्यांनी एकदा ओळखलं. अव्वा मळ्यात गेल्या होत्या. हे शाळेतून आले, रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "पी. मी बघत न्हाई." आणि पाठ करून उभे राहिले.

तुझी ऋतुजा शांत आहे हे तू लिहिलंस. ती कुणाची, घरी कोण, हे लिहिलं नाहीस. तेवढं कळव. मला तिच्या हातात काहीतरी द्यायचं आहे, तर ओळख असलेली बरी.

रुद्राणी काकू

---

मुदखेड,
१४ ऑगस्ट २०२४

ती. स्व. काकूंना नमस्कार.

घाईत लिहितो आहे. उद्या झेंडावंदन आहे आणि माझं चित्त ठिकाणावर नाही.

ज्या मुलीला पुरस्कार द्यायचा, तिनंच मला तोंडघशी पाडलं. सोमवारी प्रार्थनेच्या आधी ऋतुजानं वर्गातला तक्ता काढला आणि शाळेच्या हौदात बुडवला. पळून गेली नाही. हौदापाशी उभी राहिली. सगळ्या मुलांसमोर ठिपक्यांचे रंग पाण्यात उतरत होते. मी विचारलं, "कुणी काढला?" म्हणाली, "मी." "का?" उत्तर नाही. दिवसभर ऑफिससमोर उभं केलं, उत्तर नाही. वडिलांना बोलावणं पाठवलं, तर ते ऊसतोडीच्या मुकादमाकडं गेलेले. आजी आली. ती नुसती हात जोडत राहिली.

अध्यक्षांचं म्हणणं, हिचा दाखला हातात द्या आणि त्यावर वर्तणूक 'असमाधानकारक' लिहा, म्हणजे बाकीच्यांना जरब बसेल. काकू, तसा शेरा लिहिला तर दुसरी शाळा तिला सहजी घेणार नाही, हे मला कळतं. पण सूट दिली तर शिस्त संपली. मला 'ड' मिळाला नसता तर मी घडलो नसतो. तिलाही कदाचित तेच हवं आहे. पाच सप्टेंबरच्या आत सही करायची आहे. पुरस्कार आठवीतल्या एका मुलाला देऊ.

तुम्ही गुरुजींना जवळून पाहिलंत. तुम्हीच सांगा, या जागी त्यांनी काय केलं असतं? तुमचा शब्द आला की मी सही करून मोकळा होतो.

दयानंद

---

देवणी,
२० ऑगस्ट २०२४

चि. दयानंद,

तू माझा शब्द मागितलास. माझ्याकडं शब्द नाही, एक दुपार आहे, ती सांगते.

मागं लिहिलं होतं, हे एप्रिलमध्ये पोरांच्या घरी फिरायचे आणि अव्वा त्यांना आंघोळ केल्याशिवाय आत घेत नसत. कारण तेव्हा लिहिलं नाही. ह्यांचा नेम होता. ज्या पोराच्या घरचं पाणी प्यालो नाही, त्याच्या वर्तणुकीचा रकाना भरायचा नाही. गणिताला, भाषेला पेपर असतो. म्हणायचे, "वागणुकीचा पेपर त्याच्या घरी हाय, आपण तिथं जाऊन वाचायचा." मग कुणाचंही घर असो, कुठल्याही आळीचं, कुठल्याही जातीचं. जायचं, बसायचं, पाणी मागायचं. चौकशी म्हणून काही विचारायचे नाहीत. पाणी येईपर्यंत जे दिसेल ते बघायचे. अव्वा चिडायच्या, "मास्तर झालास का पाणक्या? साऱ्या गावचं पाणी पोटात घालून आलास, आता माझ्या देवघरात येऊ नगं." म्हणून आंघोळ. आईपुढं बोलले नाहीत, आणि फिरणंही सोडलं नाही.

हे सगळं वार्षिकच्या वेळी. सहामाहीला दिवाळीची घाई असायची, शाळेत दिसलं तेवढ्यावर लिहायचे. तुझा 'ड' तसा लिहिलेला.

त्या एप्रिलमध्ये हे तुझ्या वाडीला गेले. तू घरी नव्हतास. तुझ्या आईनं पाणी दिलं. गोठ्यात दावं रिकामं होतं, त्याकडं बघत बसले तर तुझे वडील आपणहून म्हणाले, "मास्तर, त्या दिशी खोंड इकायला हाळीच्या बाजारात न्यायचा होता. ह्यानं सकाळीच सोडून दिला, रानात जाऊन राहू दे म्हणून. पर खोंड रानात जातोय व्हय? ह्याच्या हातचं खाऊन वाढलेला. गेला ह्याच्या मागं मागं शाळंत. त्याला कोण सांगणार, आज दिपोटी येणार हाय म्हणून." पुढच्या बाजारी खोंड विकला. म्हणाले, पोरगं रिकाम्या दाव्यापाशी झोपायचं.

हे आले, आंघोळ केली, जेवले नाहीत. ओसरीवर तुझं प्रगतिपुस्तक घेतलं आणि वार्षिकच्या रकान्यात 'अ' लिहिला. मी विचारलं, "पोरगं सुधारलं का?" म्हणाले, "ते आधीपासून असंच हाय. मी आज बघितलं." त्या सालापासून सहामाहीलाही फिरायला लागले.

तू मला लिहिलंस, निव्वळ खोडी. तुला ठाऊक होतं ते मला ठाऊक आहे. पण त्यांनाही ठाऊक होतं, हे तुला ठाऊक नसावं.

आता ऋतुजाचं. मला काय माहीत तिनं तक्ता का बुडवला. कदाचित खोडीही असेल. पण तू तिच्या घरचं पाणी प्यालास का? प्याला असशील आणि तरी 'असमाधानकारक' लिहावंसं वाटलं, तर लिही. मी मध्ये येणार नाही. नसशील प्याला, तर लिहू नको. आणि त्या तक्त्यावरून जो पुरस्कार ठरतो, त्याला ह्यांचं नाव देऊ नको, तो आठवीतल्या पोराला दे नाहीतर कुणालाही. हे लिहिताना मला काय वाटतं आहे ते तुला माझ्या पहिल्या पत्रावरून कळेल, परत लिहीत नाही.

तुझी,
रुद्राणी काकू

---

देवणी,
९ सप्टेंबर २०२४

चि. दयानंद यास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पाच तारीख गेली. रोज पोस्टमनची सायकल वाजली की दारात जाते. तो म्हणतो, "काकू, नसलं तर मी काय खिशातून देऊ?"

तू रागावला असशील. हेडमास्तरला एका चौथी नापास बाईनं एवढं लिहायला नको होतं, असंही वाटतं. पण लिहिलं ते खोटं नव्हतं.

साडी घडी करून पेटीत ठेवली. चन्नबसप्पांनी विचारलं, "जायचं न्हाई का मुदखेडला?" मी म्हटलं, कार्यक्रम पुढं गेला. ते बरं म्हणाले, आणि कुणी पुन्हा विषय काढला नाही.

मला पुरस्काराचं काही विचारायचं नाही. त्या पोरीचा दाखला निघाला का, एवढंच कळव. कार्डावर एक ओळ चालेल.

रुद्राणी काकू

---

मुदखेड,
२२ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकूंना दयानंदचा नमस्कार.

उशिराबद्दल माफी मागत नाही, कारण रागच आला होता. तुमचं पत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि कुलूप लावलं. चाळीस वर्षं ती गोष्ट मी एका पद्धतीनं सांगत आलो आहे. खोंडासाठी रडलेलं पोरगं दरवर्षी शाळेसमोर उभं करून दाखवायचं, हे हेडमास्तरला कसं जमावं? 'ड' मुळं घडलो, हे सांगायला बरं वाटतं. होय काकू, तो खोंड मी लपवायला सोडला होता. गुरुजींना ते माहीत होतं, हे तुमच्या पत्रातून कळलं.

दाखल्याचा कागद टेबलावर होता. बाकी सगळं लिहून झालं, तो एक रकाना तेवढा कोरा होता. चार तारखेला शाळा सुटल्यावर कागद तिथंच ठेवला आणि ऋतुजाच्या घरी गेलो.

आजी दारातच उभी राहिली. "नोटीस घेऊन आलाव का मास्तर?"

"न्हाई. पाणी प्यायला आलो."

"पाणी? शाळेची टाकी फुटली का?"

तरी दिलं. स्टीलचा पेला आधी पदरानं पुसला. मी तुम्ही लिहिलं तसं काही विचारलं नाही. बसलो. आजीच बोलायला लागली. "पोरगी रातंदिस नखं कापती, मास्तर. कापून कापून रगत काढती. म्हणती, मॉनिटरचंच नख वाढलं तर कसं." आतल्या दाराला पडदा होता, त्याच्यामागं ऋतुजा उभी असलेली दिसत होती. मी पेला खाली ठेवला तेव्हा पडद्यामागून आवाज आला. दोन वर्षांत तिनं माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. "सर, आमच्याकडं नका येऊ. शिल्पाच्या घरी जावा."

शिल्पा त्याच वर्गातली, तिच्याच बाकावरची. रोज उशिरा यायची, तिच्या नावापुढं लालच लाल. ऑगस्टपासून येत नाही. हजेरीत मी रोज तिची गैरहजेरी बघत होतो, आणि तक्त्यावरचा एक लाल ठिपका कमी झाला असं समजत होतो.

तसाच पुढं शिल्पाच्या घरी गेलो. त्यांचा फुलांचा मळा आहे. सकाळच्या गाडीला मुदखेड स्टेशनवर फुलं द्यायची असतात, ती तोडून, टोपल्या भरून, स्टेशनवर पोचवून मग ती शाळेत यायची. वडिलांनी मोबाइल माझ्यापुढं धरला. त्यात आमच्याच तक्त्याचे फोटो. शनिवारमागून शनिवार. म्हणाले, "सर, तुमीच धाडलेत. मी काय शिकलेला न्हाई, पर लाल म्हंजी वाईट एवढं कळतंय. साऱ्या गावानं बघितलं. शाळाच म्हणती पोरगी वाईट हाय, तर मी कशाला पाठवू? ऱ्हाऊ दे मळ्यात." मी प्यायलेलं पाणी गोड होतं, त्यांच्या विहिरीचं.

ते लाल ठिपके ऋतुजाच्या हातानं लागलेले होते. मी लावायला लावले होते. ज्या सोमवारपासून वडिलांनी शिल्पाला शाळेत पाठवणं बंद केलं, त्याच सकाळी तक्ता हौदात गेला. मला का सांगितलं नाही, हे मी तिला विचारलं नाही. उलट उत्तराला लाल ठिपका असतो.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला नाही. अध्यक्षांना सांगितलं, दाखल्यावर मी सही करणार नाही, आणि तक्तेही लावणार नाही. त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे. काय होईल माहीत नाही. कदाचित ही खुर्ची दुसऱ्याला देतील. खुलासा मी लिहितो आहे, पण लांबतोच आहे, त्यात खोंड येतो.

ऋतुजा वर्गात आहे. मॉनिटरपण तिनं सोडलं. शिल्पा गेल्या आठवड्यात दोन दिवस आली, मग आली नाही. मी परत गेलो होतो. वडील अजून हो म्हणत नाहीत, पण आता पाण्याबरोबर चहाही देतात.

एक गोष्ट मात्र तुमच्या परवानगीशिवाय झाली, ती सांगायला पाहिजे. शनिवारी शाळा सुटली की मी आणि दोन-तीन शिक्षक मुलांच्या घरी जायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, हे काय नवीन? मी गुरुजींचा नेम सांगितला. त्यावरून स्टाफरूममध्ये बोलायची एक पद्धत पडली. परवा आमचा शिपाई बसवराज ऑफिसच्या दारातून ओरडला, "सर, आज माणिकप्पाला जायचं का? मी गाडी पुसून ठिवतो." पोरंही म्हणायला लागली आहेत, "आज तुमच्याकडं माणिकप्पा हाय का?" ना गुरुजी, ना साहेब. मी त्यांना दटावणार होतो. मग वाटलं, दटावण्याआधी तुम्हाला विचारावं. तुम्हाला वाईट वाटणार असेल तर बंद करतो.

दयानंद

---

देवणी,
१ ऑक्टोबर २०२४

चि. दयानंद यास अनेक आशीर्वाद.

पत्र दुपारी आलं. बसवराजचं वाक्य वाचलं आणि मी हसले. मग तेवढं वाक्य पुन्हा वाचलं.

दटावू नको कुणाला. त्यांना 'गुरुजी' लावलेलं आवडायचंच असं नाही. अव्वा हाक मारायच्या तशीच ही हाक आहे.

खुर्चीचं काय होतं ते कळव. खुलासा लांबला तरी चालेल, खोंड गाळू नको. शिल्पाच्या वडिलांकडं जात राहा. ह्यांनाही काही घरी तीन-तीन उन्हाळे जावं लागलं होतं, आणि एक-दोन पोरं शेवटपर्यंत आलीच नाहीत. ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. ऋतुजाला म्हणावं, देवणीला एक म्हातारी आहे, तिला पत्र लिही. काहीही लिही. वळण वाकडं असलं तरी चालेल.

पेटीतली साडी बाहेर काढली. संध्याकाळी ती नेसून निघाले. चन्नबसप्पा ओट्यावर बसले होते. त्यांची अक्षरा आत चुलीपाशी, नेहमीसारखी मान खाली. ते म्हणाले, "काकू, एवढ्या नटून कुणीकडं?"

मी म्हणाले, "तुमच्याकडंच. माणिकप्पाला आले."

त्यांना काही कळलं नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. आवाज नेहमीचाच होता.

मग मी आत जाऊन बसले आणि अक्षराला म्हटलं, "मला पाणी दे गं बाई. आणि तुलाही घे. मी बघत न्हाई."

रुद्राणी माणिकप्पा कोरे